दोन रिंगा

एडिनबराच्या दक्षिणेला आम्ही राहायचो त्या खेड्यातून लायब्ररीच्या गावाला शनिवारी दोनच बस जात. रस्ता अरुंद, फुटपाथ नव्हता. शेजारच्या शेतावरची माझी मैत्रीण मात्र बाराव्या वर्षापासून सायकलवर एकटी जायची, आणि तिला घरी कुणी काही विचारायचं नाही. मला तिचा फार हेवा वाटे.

तेराव्या वर्षी बाबांनी मला बसने एकटीला जाऊ दिलं, पण एका अटीवर. "पोचलीस की फोनबूथवरून दोन रिंगा दे आणि ठेव. मी उचलणार नाही."

पहिल्याच शनिवारी पुस्तकांच्या नादात मी विसरले. तासाभरात बाबा घरातल्या चपलांवर लायब्ररीच्या दारात उभे होते. मैत्रीण तिथेच होती. पाऊस लागला होता, म्हणून बाबांनी तिची सायकल डिकीत घातली. ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"मी पोचले नाही, तर मला शोधायला कुणी यायचं नाही," ती हसत म्हणाली.

"मग तूही रिंगा देत जा," बाबा म्हणाले.

ती खरंच देऊ लागली. मी घरी असले आणि फोन दोनदा वाजून थांबला, की बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणत, "पोचली गं ती."

बाबांना जाऊन महिना झाला. तिचं पत्र आलंय. कुठेही पोचल्यावर अजून हात फोनकडे जातो, असं तिने लिहिलंय. बाकी सगळ्यांना मी उत्तरं लिहिली. तिचं तेवढं राहिलंय. त्या रिंगा माझ्या एकटीच्या होत्या, एवढं वाक्य लिहिते आणि खोडते.