एडवणचं इंजीन आणि एक लवंग

ती केस आठवली की अजून डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. पाणी खेचायचं एक इंजीन बंद पडलं, आणि त्यापायी एक माणूस गजाआड जाता जाता राहिला.

साठच्या दशकातली गोष्ट. आपल्याकडे तेव्हा ठाणे जिल्हा. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, बोईसरकडे बाहेरची माणसं यायला लागली होती. मी पालघरला जमादार होतो. दसऱ्यानंतर लगेच एडवणच्या बाजूचा एक वाडीवाला सकाळीच चौकीत आला. पानवेलीची वाडी, विहिरीवर डिझेलचं इंजीन. टोपी हातात, डोळे लाल.

"जमादार, माझं इंजीन मारलं!"

"मारलं म्हणजे?"

"चांगलं धडधाकट चालत व्हतं. तेल बदललं न् मेलं. मुद्दाम मारलं हाय."

तेल बदललं ते सरावलीच्या मिस्त्रीनं. साताऱ्याकडचा गडी, नुकती बायको आणून पत्र्याची शेड टाकलेली. वाडीवाल्याचं म्हणणं, शेजारच्या चुलतभावानं मिस्त्रीला फितवला आणि इंजिनात काहीतरी घालायला लावलं. दोघा भावांचं बांधावरून वाकडं, हे सगळ्या गावाला माहीत.

इंजीन बघायला गेलो तर खोलीला हे भलं मोठं कुलूप. "पुरावा हाय, कुणाला हात लावू देनार नाय." बाहेर वेली माना टाकायला लागल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन. मी म्हटलं, अरे बाबा, उघडून दुरुस्त कर. नाही! त्याला पाणी नको होतं, भाऊ आत गेलेला बघायचा होता.

त्यात खबर आली. चहावाल्यानं कानात सांगितलं, "मिस्त्री चुलतभावाच्या ओट्यावर बसला व्हता. मी डोळ्यानी बघितला." झालं. फौजदारसाहेब म्हणाले, आणा त्याला.

मिस्त्रीला बाकावर बसवला. मी आवाज चढवला, तोच तो बोलला.

"बसलो व्हतो सायेब. त्यांचा पंप दुरुस्त केला, पानी प्यालो. गुन्हा हाय का?"

"इंजिनात काय घातलंस?"

"त्याल घातलं. दुसरं काय घालत्यात? त्यांचं इंजीन मेलं तर माझंच नाव मरतंय की."

मी म्हटलं, पहिल्यापासून सांग. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं खालचा नट काढून जुनं तेल सोडलं. सगळं निथळावं म्हणून वरचं झाकण रात्रभर उघडं ठेवलं आणि तोंडावर फडकं टाकलं. दसऱ्याला दुपारी नवं तेल ओतलं, झाकण लावलं, थोडा वेळ चालवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वाडीवाल्यानं पाणी सोडायला इंजीन सुरू केलं, तर जरा वेळानं धाड धाड करून जाम.

तोवर गावात बोभाटा झाला होता. लोकांनी त्याच्याकडची कामं काढून घेतली. त्याची बायको चौकीच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही, नुसती बसायची. साहेब म्हणाले, उद्या अटक दाखवा.

मी हट्टानं पंच बोलावले आणि कुलूप काढायला लावलं. आसपास दुसरा मिस्त्री नव्हता. शेवटी आरोपीच्याच हातात पाना दिला. तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. ती बुजली की तेल तळाशी बसून राहतं आणि वरचं लोखंड कोरडं घासतं. ती जाळी काढली तर पिवळ्या-काळ्या चिकट लगद्यानं गच्च भरलेली.

"बगा! बगा!" वाडीवाला नाचायलाच लागला. "घातलंच व्हतं!"

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक. लगदा बाटलीत भरला, पंचांनी चिठ्ठीवर सह्या केल्या, जणू तिथंच निकाल लागला.

आमची पोलीस लाइन चौकीच्या मागंच. दुपारी माझी बायको डबा घेऊन आली. बाटली टेबलावर होती. तिनं उचलून उजेडात धरली.

"हात लावू नको, पुरावा आहे," मी खेकसलो.

"पुराव्यात लवंग कशी हो?"

"कसली लवंग?"

"ही काय. आणि हा खोबऱ्याचा तुकडा. गोड भात आहे हा. तुपावर लवंगा परतून केलेला."

"इंजीन बिघडवायला भात?"

"तेच म्हणते मी. बिघडवायचं असतं तर मूठभर वाळू टाकली असती. चुलीपुढं बसून लवंगा कोण परततं?"

मी डबा तसाच ठेवला आणि मिस्त्रीला घेऊन वाडीवर गेलो.

"दसऱ्याला गोड काय केलं होतं?"

वाडीवाला भडकला. "त्याचा हितं काय संबंध?"

आतून त्याची म्हातारी आई आली. वाकलेली, पण आवाज खणखणीत. "गोड भात केला व्हता. तुमी आला असता तर तुमाला पन वाढला असता."

"इंजिनाला नैवेद्य दाखवला का, आई?"

"दरवरसाला दाखवतू आमी. यंदा सकाळी फडकं काडलं तर त्याचं तोंड उगडं. मग भरवला."

"किती?"

"पोटभर. बारा महिने वाडीला पानी पाजतो, त्याला काय चिमटीभर देऊ?"

"आणि फडकं परत टाकलंत?"

"मग? माश्या नाय बसनार?"

वाडीवाला मटकन खाली बसला. म्हातारी आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय रं, बाधला का त्याला?"

मिस्त्री हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "आज्जे, पुढच्या दसऱ्याला मला भरव. मी जाम हुनार न्हाई."

वाडीवाल्यानं माफी मागितली असं वाटत असेल, तर नाही. तो म्हणाला, "पन तिला भावानंच शिकवलं नसंल कशावरनं?" मी कपाळाला हात लावला. फिर्याद काढून घेतली एवढंच. मिस्त्रीनंच इंजीन उभं केलं आणि वेली वाचल्या.

मी काय शिकलो? नुकसान झालं की आम्ही पोलीस पहिलं विचारतो, तुझं वाकडं कुणाशी? त्यानंतर मी हेही विचारायला लागलो, की या वस्तूवर जीव कुणाचा होता. त्यानं माझ्या बऱ्याच केसेस सुटल्या. श्रेय मला मिळालं. प्रश्न मुळात बायकोचा होता, हे मी साहेबांना सांगितलं नाही आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नाही.

दरवर्षी दसऱ्याला ती माझ्या सायकलला हळदकुंकू लावायची. "हिला भरवू का?" म्हणून चिडवायची.

ती गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. सुनेनं गोड भात केला. पहिल्याच घासाला लवंग दाताखाली आली आणि मी ताटावरून उठलो.

"काय झालं, मामा? बिघडला का भात?"

"नाही बाई," मी म्हटलं, "चांगला झालाय. लवंग लागली."