दगडूमामांचं खाकरणं

खोकणं निराळं आणि खाकरणं निराळं, एवढं साधं ज्याला कळत नाही त्यानं चाळीत खोली घेऊच नये. खोकला येतो, खाकरणं करावं लागतं. एका खोलीत सासरा, मुलगा, सून आणि वयात आलेली नात राहणार, मोरीला दार म्हणून जुन्या साडीचा पडदा. मग बाहेरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं उंबऱ्याशी थांबून घसा साफ करायचा, आतल्या बाईनं पदर सावरायचा नाहीतर "थांबा जरा" म्हणायचं, आणि मगच आत यायचं. आंबिवलीच्या त्या चाळीत दगडूमामांनी हे इतकी वर्षं केलं होतं की त्यांच्या सुनेला, मालनला, सासऱ्यानं कधी "मी आलो" असं तोंडानं म्हटलेलं आठवतच नव्हतं. आधी तो खर्जातला आवाज यायचा आणि त्याच्यामागून मामा यायचे.

आवाज काही साधासुधा नव्हता. जुन्नरकडनं तरुणपणी आलेला हा माणूस, शहाडला एका पिठाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला. पट्ट्याच्या गोंगाटात ओरडून ओरडून गळा रुंद झाला होता आणि नाकातोंडात पीठ जाऊन जाऊन छाती कायमची खरखरीत. सकाळी नळावर मामा खाकरले की पलीकडच्या ओळीतल्या बायका म्हणायच्या, उठा गं, पाणी यायची वेळ झाली. संडासाचंही तेच. चाळीच्या टोकाला चार संडास, त्यातल्या एकाची आतली कडी कधीची निखळलेली. कमिटी दर मीटिंगला बसवतो म्हणायची आणि दर मीटिंगला चहा पिऊन उठायची. मग काय, आत बसलेल्यानं बाहेर पावलं वाजली की खाकरायचं आणि बाहेरच्यानं समजून घ्यायचं. कडी नव्हती, पण कुणाची कधी फजिती झाली नव्हती.

आणि मग आला तो मेला कोरोना. सगळ्यात आधी तो फोनमध्ये आला. कुणालाही फोन लावा, घंटी वाजायच्या आधी एक बाई किंवा बुवा खो खो करणार आणि मग हात धुवा म्हणून सांगणार. मामांना पहिल्यांदा वाटलं की समोरचाच आजारी आहे. "अरे, औषध घे रे," असं त्यांनी फोनवर आपल्या मुलाला, रतनला, दोनदा बजावलं होतं. रतन ट्रकवर असायचा. लॉकडाऊन लागला तेव्हा तो हुबळीच्या पलीकडे कुठंतरी अडकला आणि घरात उरले मामा, मालन आणि नात अक्षदा.

चाळीनं जे जे म्हणून ऐकलं ते ते सगळं केलं. दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, गळ्यात कापराच्या पुड्या बांधल्या, काढा पोटात आग पडेपर्यंत प्यायला. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. सूरज कमिटीचा सेक्रेटरी. एरवी कुरिअरच्या कंपनीत कामाला, आता घरीच. त्यानं गणपतीतला स्पीकर काढून संध्याकाळी सूचना द्यायला सुरुवात केली. कुणाला ताप, सर्दी, खोकला असेल तर लपवू नका, महापालिकेला कळवा, नाहीतर आम्ही कळवू. त्यातलं ते "नाहीतर आम्ही कळवू" लोकांना नीट ऐकू गेलं.

त्यातच मागच्या ओळीतल्या श्रीपादला नेलं. धडधाकट माणूस, चार दिवसांचा खोकला. पांढऱ्या झग्यातली माणसं आली, त्यानं पायात चप्पल सरकवली, बायकोला म्हणाला भात लावून ठेव, आणि गेला. परत आला तो निरोप. चेहरासुद्धा कुणाला दाखवला नाही. त्याच्या घरच्यांसाठी म्हणून कमिटीनं चारातले दोन संडास कुलूप लावून वेगळे ठेवले आणि उरलेले दोन बायका-पुरुष सगळ्यांना मिळून. त्या दोनांत एक कडी नसलेला होता. पण तेव्हा कडीचा विचार करायची कुणाला शुद्ध होती?

सगळ्यात धास्ती मालनला. ती कल्याणला एका नर्सिंग होममध्ये आया होती. पास होता, बस होती, जावंच लागायचं. चाळीतून निघताना लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे, जणू ती येताना गोणीभर कोरोना घेऊन येणार. तीही काही कमी भ्यायलेली नव्हती. घरी आली की कशाला हात न लावता सरळ मोरीत, कपडे उकळत्या पाण्यात, डोक्यावरून आंघोळ. तेवढा वेळ मामा बाहेर कट्ट्यावर. आणि आता झालं असं, की मामांचं ते जुनं खाकरणं अधूनमधून खोकल्यात उतरायला लागलं. एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. दर उन्हाळ्यात असंच होतं, असं मालन स्वतःला सांगायची. पण हे पिठाचंच आहे ना? की आपण कल्याणहून आणलं आणि मामांना दिलं? ह्या एका विचारानं तिला जेवण जाईना.

ताप नव्हता. नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, जुनंच दिसतंय, नजर ठेव. नजर ठेव म्हणे! नजर तर सगळी चाळच ठेवून होती. शेवटी एका संध्याकाळी तिनं सासऱ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "मामा, थोडे दिवस खाकरू नका. लोक खोकला समजतात. तुम्हाला नेलं तर मी ह्यांना काय सांगू?"

 मामांनी मान हलवली, विषय संपला.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून मामा मुके झाले. घशात आलं की गिळायचे, डोळ्यांत पाणी यायचं, मानेच्या शिरा टरारायच्या, तरी आवाज नाही. रात्री उशीत तोंड खुपसून खोकायचे. पण घरात यायचं कसं, हे त्यांना कळेना. न खाकरता आत शिरणं त्यांच्या अंगातच नव्हतं. तोंडानं हाक मारावी तर ती सवय नव्हती. मग ते कट्ट्यावरच बसून राहायला लागले. उन्हं तापायची, चहा गार व्हायचा, अक्षदा बोलवायला गेली की उठायचे. मालनला ते दिसत होतं, जीव तुटत होता, पण ती बोलली नाही. उन्हात बसलेला सासरा तिला परवडत होता, गाडीत बसलेला नाही.

सूरजचं लग्न त्याच फेब्रुवारीत झालं होतं. बायको ऋजुता, डोंबिवलीची, फ्लॅटमध्ये वाढलेली. चाळीत आली आणि महिन्याभरात जग बंद पडलं, माहेरसुद्धा आडव्या बांबूंच्या पलीकडे गेलं. बिचारीला दोन-तीन जणींनी सांगितलं होतं, की त्या एका संडासाला कडी नाही, आतून खाकरल्याचा आवाज आला तर थांबायचं, नाही आला तर खुशाल दार लोटायचं. तिनं ते नीट लक्षात ठेवलं होतं. चूक म्हणाल तर तिची काडीचीही नव्हती.

त्या सकाळी मालन डब्याची पिशवी घेऊन निघायच्या बेतात होती आणि चाळीच्या टोकाकडून किंकाळी आली. ऋजुता बादली टाकून पळत आली, तोंड दोन्ही हातांनी झाकलेलं, रडतेय. मागून मामा बाहेर आले, धोतर सावरत, हातात त्यांची बादली. काय झालं ते सांगायला कुणी नको होतं. बायका दारात आल्या, पुरुष गॅलरीत. अंतर ठेवा म्हणून रोज ओरडणारी चाळ एका मिनिटात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

सूरजचं डोकं फिरलं होतं. नव्या नवरीच्या बाबतीत असं झालं, कुणाचंही फिरलं असतं. त्यानं मामांना चारचौघांत नाही नाही ते सुनावलं. पावलं ऐकू आली नाहीत का, बहिरा आहेस का, सगळ्या चाळीला आवाज द्यायची अक्कल आहे आणि तुलाच नाही? मुद्दाम गप्प बसलास. अरे-तुरे. ज्या माणसाच्या मांडीवर तो लहानपणी खेळला होता, त्याला.

मामा खाली मान घालून उभे.  त्यांनी एकदाच नजर वर केली आणि गर्दीतून मालनकडे बघितलं.

मालनच्या जिभेवर शब्द आले होते. मीच सांगितलं होतं हो, ते खाकरले नाहीत ते माझ्यामुळं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला: का सांगितलं होतंस? आणि त्याच्या पुढं पांढरी गाडी. श्रीपादचा भात तिला आठवला. ती ओठ दाबून उभी राहिली. सासऱ्याची अब्रू जाते तर जाऊ दे, जीव तर राहील, असा हिशेब तिनं त्या क्षणी केला. आणि मामांना तो तिच्या तोंडावर दिसला असणार, कारण त्यांनी पुन्हा मान खाली घातली आणि सगळं ऐकून घेतलं. 

तेवढ्यावर थांबला असता सूरज, तर निभावलं असतं. पण रागावलेला माणूस कुठं थांबतो? जाता जाता तो बोलून गेला, "रतन तिकडे अडकलाय, आणि हा असला माणूस घरात. ह्याची सून एका खोलीत कशी राहते, देवालाच माहीत."

सगळी चाळ मालनकडे बघायला लागली. 

मामांनी बादली खाली ठेवली, ताठ उभे राहिले आणि खाकरले. ते गिरणीतलं, पट्ट्याच्या वर जाणारं, छातीच्या तळापासून काढलेलं खाकरणं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं त्यात आलं. गर्दी भसकन मागं सरली. पदर, रुमाल, हात, मिळेल ते तोंडावर गेलं.

"हे असं करून मी माझ्या घरात जातो," मामा म्हणाले. "माझ्या सुनेनं पदर सावरल्याशिवाय आजवर मी उंबरा ओलांडलेला नाय. ह्या पोरीला आवाज दिला नाय, ती चूक माझी. खोकला होता म्हणून भ्यायलो. आता लाव कुठं लावायचा तो फोन."

पुढं त्यांना बोलता येईना, कारण खाकरण्याचा खोकला झाला होता आणि तो थांबतच नव्हता. ते भिंतीला धरून खोकत राहिले. धावून पाणी द्यावं असं कुणालाही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल पण पाय उचलला नाही. मालन गेली. पिशवीतली बाटली तिनं त्यांच्या तोंडाला लावली, पाठ चोळली. आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं आणि तिला रडूही येत होतं, संतापही येत होता, सगळ्यात जास्त स्वतःचाच.

सूरजनं फोन लावला. लावायलाच हवा होता त्यानं. दुपारी गाडी आली, पांढऱ्या झग्यातल्या माणसानं कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र धरलं, कागदावर सही घेतली. मामांनी टोपी घातली, स्वच्छ सदरा घातला. मालन सांगत होती की मोबाईल चार्ज करून ठेवा, गरम पाणी मागून घ्या, आणि तिचे शब्द तिलाच ऐकू येत नव्हते. मामा गाडीत चढले. सगळ्या चाळीच्या खिडक्या लागलेल्या होत्या.

चाळ दोन्ही बाजूंनी सील झाली. मालनचा आणि अक्षदाचा नाकातला नमुना नेला. मालन दिवसभर फोन हातात धरून बसायची. लावला की आधी तो रेकॉर्डवरचा खोकला, मग घंटी, आणि मग कधी मामा उचलायचे, कधी नाही. एकदा ते कुजबुजत म्हणाले, की इथं सगळेच खोकतात, मी गप्प पडून असतो, बाजूच्या खाटेवरचा काल गेला. मालननं फोन ठेवला आणि देवाजवळ जाऊन बसली, पण मागायचं काय तेच सुचेना. माझ्यामुळं नसू दे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तिघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. मामांचा पहिला हरवला, दुसरा उशिरा आला, पण निगेटिव्ह आला. छातीत जुनी धूळ आहे, जपा, असं सांगून सोडलं.

ते परत आले त्या दिवशी चाळीनं टाळ्या वाजवल्या. हो, ह्याच चाळीनं. सूरजनं मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि स्पीकरवरून दगडूमामांचं स्वागत केलं. ऋजुता दारात उभी होती. मामा समोरून जाताना तिनं मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं आणि लांबूनच वाकून नमस्कार केला. मामांनी हात वर करून आशीर्वाद दिला. चांगले वाळले होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता.

मालन ओट्याशी भाजी निवडत होती. मोरी रिकामी, पडदा बाजूला, दार सताड उघडं. आंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं. टाळ्यांवरून तिला कळलं होतं की मामा गल्लीत आले, आणि ती कान टवकारून बसली होती. टाळ्या थांबल्या. पावलं दारापर्यंत आली. मग काहीच नाही. तिनं वाट बघितली. खाकरा ना मामा, मनात म्हणाली, आता कुणाला भ्यायचं?

"मालन," बाहेरून आवाज आला. बारीक, परक्या माणसासारखा. "मी आलोय. आत येऊ का?"

तिच्या हातातली जुडी खाली पडली. ती दाराशी आली. "मामा, तुमचं घर आहे. विचारता काय?"

"नाय," मामा म्हणाले. "विचारलेलं बरं."

आणि तिनं "या" म्हणेपर्यंत ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.