बॅटरी बाहेर ठेवा

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसणारा माणूस. मूळचा रत्नागिरीचा, बावीस वर्षं बहारीनला इन्व्हर्टर दुरुस्त करतोय. वाजलं, जळलं, झटका बसला... सगळ्याला कारण असतं. या एका गोष्टीचं मात्र मला सापडलेलं नाही.

दुकान मुहर्रकला, विमानतळाच्या बाजूच्या गल्लीत. आमची डिलिव्हरीची गाडी बिलाल चालवतो. काश्मीरचा, पार डोंगरातला. त्याच्या अम्मीला घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. थंडीत तिकडे विजेचे हाल — चार-चार तास लाइट मफी, म्हणजे नाहीच. बर्फाने रस्ता बंद झाला की हॉस्पिटलही नाही. बिचारा जेवताना घास हातात धरून फोनकडे बघत बसायचा.

मीच म्हटलं, "अरे, इन्व्हर्टर लाव ना! मशीनला किती लोड लागतो ते मी काढून देतो." पाच तास चालेल अशी बॅटरी सांगितली. त्याच्या बहिणीने फोनवर विचारलं, कुठे ठेवू? मी ऐटीत सांगितलं, "बाहर रखो, खुली हवा में." इथे बंद खोलीत बॅटरी तापते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो. तोंडात बसलंय.

जानेवारीतली दुपार, चारचा सुमार. बाहेर बोचरा वारा. टेबलावर भंगारात आलेला एक इन्व्हर्टर उघडा पडला होता. बॅटरी नाही, पिन काढलेली. आणि तो वाजायला लागला... बॅटरी संपत आल्यावर वाजतो तसा, टीं टीं टीं.

मीटर लावला. शून्य! शेवटी वैतागून आतलं सर्किटचं कार्डच उपटलं. या अल्ला — ते माझ्या हातात वाजत होतं! आणि गार, इतकं गार की बोटं चिकटली.

"भाईजान, बंद करो इसे," बिलाल दारातून ओरडला. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

दहा मिनिटं वाजलं. मग आपोआप गप्प झालं. पाठोपाठ बिलालचा फोन वाजला. बहीण रडत होती. लाइट जाऊन अडीच तासच झाले होते, इन्व्हर्टर ओरडून ओरडून बंद पडला. अम्मी गेली.

अडीच तास. बर्फात ठेवलेली बॅटरी निम्मीच चालते, हे कधीकाळी शिकलो होतो मी. इथे गरजच पडली नाही, विसरलो.

ते कार्ड मी पुन्हा दहा वेळा तपासलं. मेलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा.

बिलाल घरी जाऊन आला, माझ्यासाठी अक्रोडांची पिशवी घेऊन. बहिणीने दिलेली. "आपने अम्मी के लिए बहुत किया, भाईजान." बॅटरीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. पिशवी तशीच बांधलेली आहे. अक्रोड कसे आहेत असं तो विचारतो, तेव्हा मी गोड आहेत म्हणतो.