दोन खणांचा डबा आणि जासईची आत्या

मी एका कंटेनर यार्डाच्या खरेदी विभागात काम करतो, त्यामुळे आमच्या घरात नारळाची खवणीसुद्धा तीन कोटेशनं आल्याशिवाय येत नाही.

ही सवय उत्तम आहे, असं माझं ठाम मत आहे. (सानपाड्याच्या आमच्या घरात या मताचा मी एकटाच आहे.) म्हणून एका सकाळी बाबा हातात फोन घेऊन आले आणि म्हणाले, "हा बघ, फोन भरला बोलतंय," तेव्हा मला त्यात अडचण दिसली नाही. मला खरेदी दिसली.

फोन बाबांचा, म्हणजे मुळात आईचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली. बाबा तोच वापरतात, वरच्या गुलाबाच्या फुलाच्या कव्हरसकट. आई लग्नांमध्ये धवले, म्हणजे विधींची गाणी, गायची. आमच्या आगरी लग्नात भटजींच्या बरोबरीने मान असतो तो धवले गाणाऱ्या धवलारणीला, आणि आईला आसपासच्या गावांतून बोलावणं असायचं. शेवटच्या वर्षी माझ्या बायकोने, शुभांगीने, स्वयंपाक करता करता तिच्याकडून एकेक धवला गाऊन घेतला आणि त्या फोनवर रेकॉर्ड केला. एकूण एक्केचाळीस. शुभांगी साताऱ्याची, तिला अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण हट्ट तिचाच.

त्यातल्या सतराव्या रेकॉर्डिंगमध्ये धवला निम्म्यावर थांबतो आणि आई गाण्याच्याही वरच्या पट्टीत बाबांवर ओरडते. "अवो, येक दूध बगाला सांगला, तेवरा पन नाय जमला! टीवीन काय सोना ठेवलाय?" मग भांडं आपटल्याचा आवाज, मग शुभांगीचं हसू, आणि मग पुन्हा धवला, काही झालंच नाही अशा थाटात!

बाबा रोज सकाळी चहाबरोबर हे सतरावं ऐकतात. बाकीचे चाळीस सणासुदीला. बायको ओरडतेय हे ऐकत इतक्या समाधानाने चहा पिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तर फोन भरला होता. शुभांगी म्हणाली, "अहो, एक मेमरी कार्ड आणा की."

"मेमरी कार्ड!" मी असा हसलो की मलाच नंतर लाज वाटली. "शुभांगी, आपल्याला नेटवर्क स्टोरेज लागणार. एक डबा घ्यायचा, त्यात डिस्क घालायच्या, डबा वायफायला जोडायचा. घरातल्या सगळ्यांचे फोटो, गाणी, कागद, सगळं एका जागी. ज्याने त्याने आपल्या फोनवरून बघायचं."

मग तीन आठवडे मी तुलनात्मक तक्ता केला. सव्वीस रकाने! खण किती, जागा किती, आवाज किती, वीज किती, वॉरंटी किती. स्टेशनजवळचा कॉम्प्युटरवाला मला आठ खणांचा डबा गळ्यात मारायला बघत होता. "सर, फ्युचरचा विचार करा ना!" मी म्हटलं, घरात माणसं तीन, आठ खण काय भाड्याने देऊ? शेवटी दोन खण आणि चार टीबी जागा यावर गाडी आली.

'जागा' हा शब्द ऐकून बाबा टीव्हीसमोरून उठले.

"जागा कंची? सातबारा कुनाचे नावाव?"

"माझ्या, बाबा. मी अ‍ॅडमिन."

"न मना कवरी?"

"सगळी सगळ्यांची आहे हो."

"तसा नको. माजा साडेबारा टक्का येगला कार." (आमच्याकडे नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के जागा परत मिळते. त्यामुळे टक्का ठरल्याशिवाय बाबांना कुठल्याही जागेचा व्यवहार खरा वाटत नाही.)

मी त्यांच्या नावाचं फोल्डर काढून दिलं. ते निरखून बघत बाबा म्हणाले, "मना फकस्त तिचा आवाज ऱ्हाला पायजे. बाकी तुजा तू बघ. न याचा वाटा कुना कुना जाल?"

वाटा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात घरात काही चांगलं आलं की त्याचा वाटा भाऊबंदांकडे जातो. खाडीतल्या चिंबोऱ्या असोत, वालाच्या शेंगा असोत, लग्नातलं मटण असो. आधी वाटे निघतात आणि मग आपण जेवायला बसतो. मी मात्र शिकलेला माणूस. "बाबा, हे वाटायचं नसतं, जपायचं असतं," असं मी त्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा फोन घेऊन दोन तास कुठेतरी गेले होते, पण माझं लक्ष वॉरंटी कार्डात होतं.

डबा आला. मी भाषण केलं. "यात दोन डिस्क आहेत. एकीवर जे जातं, तेच आपोआप दुसरीवर. याला मिरर म्हणतात. एक जळली तरी दुसरी आहेच!"

"आणि तुम्हीच चुकून पुसलं तर?" शुभांगीने विचारलं.

"मी?" मी म्हणालो. पुढे उत्तर द्यायची मला गरजच वाटली नाही. तक्त्यात 'घराबाहेर ठेवायची प्रत' असा एक रकाना होता, त्यात मी सुबक अक्षरात 'लागू नाही' लिहिलं होतं. मग बाबांच्या फोनवरची सगळी रेकॉर्डिंग डब्यात घातली, फोनवरून काढून टाकली, आणि फोन हलका करून त्यांच्या हातात दिला.

आठ महिने सगळं छान चाललं. बाबा चहा घेऊन बसायचे, फोनवर बोट ठेवायचे, आई डब्यातून ओरडायची.

आणि एका शनिवारी मला सुट्टी होती.

सुट्टीच्या दिवशी मी आवरायला घेतो. डब्यात, बाबांच्या फोल्डरमध्ये, मला आणखी दोन फोल्डर दिसले, एक 'आई' आणि एक 'आई फायनल'. खरेदी विभागात फायनल आल्यावर आधीचं ठेवत नाहीत. मी 'आई' पुसलं. कचरापेटी रिकामी केली. रिकाम्या झालेल्या जागेत ऑफिसची जुनी टेंडरं हलवली. मग समाधानाने 'आई फायनल' उघडलं.

आत एक तक्ता होता. फक्त तक्ता! एक्केचाळीस रेकॉर्डिंगची यादी, क्रमांक, लांबी, विषय. मीच केलेली. रेकॉर्डिंग त्यात हलवायची राहून गेली होती. सतरा नंबरसमोर शेरा होता, 'दूध उतू'. हरवलेल्या वस्तूची इतकी व्यवस्थित यादी नवी मुंबईत दुसऱ्या कुणाकडे नसेल.

घाबरायचं कारण नव्हतं. दुसरी डिस्क होती! मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"अरे, दुसऱ्या डिस्कवरून परत कसं घ्यायचं?"

"काय झालं सर, डिस्क गेली?"

"नाही, मी पुसलं."

"सर, मिरर म्हणजे आरसा. तुम्ही मिशी उतरवली तर आरशातला ठेवणार काय?"

"पण..."

"वरून नवीन काही टाकलं का त्यात?"

"टेंडरं," मी म्हणालो.

"मग अवघड आहे, सर," तो म्हणाला. "आठ खणवाला घेतला असता तरी हेच झालं असतं, टेन्शन नका घेऊ."

रविवारी सकाळी बाबा चहा घेऊन बसले. "आरं, आय लागत नाय."

"डबा अपडेट होतोय, बाबा."

अर्ध्या तासाने, "झाला का?"

"त्याला जरा विश्रांती हवी असते."

बाबा उठून डब्यापाशी गेले आणि त्याच्यावर हात ठेवून बघितला, माझ्या लहानपणी कपाळावर ठेवायचे तसा. "गरम लागतंय," ते म्हणाले. "राहू दे मग. बरा नसल नं."

त्यांनी पंखा डब्याकडे फिरवला आणि स्वतः उकाड्यात बसले. मला ते बघवेना. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे नुसती बघत होती. तीन कोटेशनं मागवूनही मला दुसरा मार्ग सापडला नसता.

"बाबा, आईचं सगळं माझ्याकडून पुसलं गेलं."

"सगला?"

"सगळं."

बाबांनी कप खाली ठेवला. फोन उलटा केला आणि गुलाबाच्या फुलावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ती परत जेली."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. बाबांनी मला रडू दिलं, मग माझ्या खांद्याला धरून उठले. "गारी कार. जासईला जाव."

"आत्याकडे? आत्ता?"

"जनीकरं वाटा हाय."

गाडी पामबीच रस्त्याला लागल्यावर मला कळलं ते असं. मी 'वाटायचं नसतं' म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा फोन घेऊन मोबाइलवाल्याकडे गेले होते. सहा मेमरी कार्डं भरून घेतली. एक जासईला जनाआत्याकडे, बाकी पाच बाकीच्या पाच घरी. आईचे धवले घरात असताना त्याचा वाटा निघाला नाही, हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं!

"बाबा!" मी ओरडलोच. "म्हणजे सगळं आहे!"

"चालीस हायेत," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सतरावा नाय. सतरावा भरू नको, सांगला ता मी त्याला. ता माजा हाय. ता कसा वाटाचा?"

मागच्या सीटवर शुभांगीने डोळे मिटले. पुढचा सगळा रस्ता आम्ही ट्रेलरांच्या रांगेत काढला. मी मनात हिशेब करत होतो की चाळीस वाचले, आणि मला माहीत होतं की बाबांचं एकच गेलं होतं.

आत्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक छोटा स्पीकर टांगलेला असतो. भजनं लावायला घेतला होता, आता त्यात आईचं कार्ड. आम्ही पोचलो तेव्हा आई गातच होती. मी लॅपटॉप काढला.

"तो ठेव बाजूला," आत्या म्हणाली. "आधी जेवाचा. कार्ड कुटं पलून नाय जात."

तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. बाबांचा घास हातातच होता. आई एकामागून एक धवले गात होती आणि प्रत्येक धवल्यागणिक ते थोडे खाली बघत होते. एक संपला, दुसरा लागला, निम्म्यावर आला.

"अवो, येक दूध बगाला सांगला, तेवरा पन नाय जमला!"

आत्या भाकरी टाकून ताडकन उठली, धावत शेगडीशी गेली, दुधाच्या पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली. आई अजून टीव्हीतल्या सोन्याबद्दल विचारत होती.

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "ता... ता तुज्याकरं कसा?"

"कसा म्हंजे? पयल्या दिसापासून हाय. सगल्यांकरं हाय!" (मोबाइलवाल्याने बाबांचं ऐकूनच घेतलं नव्हतं. सगळं निवडलं आणि सहाही कार्डांवर ओतलं. देव त्याचं भलं करो!) आत्या पुढे म्हणाली, "रोज सकालची वयनी वरडते न मी दूध बघतंय. आठ म्हयन्यान येकदा पन उतू नाय जेला!"

म्हणजे आठ महिने भाऊबंदांच्या सहा घरांत, रोज, बाबांची दूध न बघितल्याबद्दल खरडपट्टी निघत होती. बाबा लाजले. सत्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. मग हसले, आणि हसता हसताच पंच्याने डोळे पुसायला लागले. "वाजव परत," ते म्हणाले. आत्याने वाजवलं. ती पुन्हा उठून गॅस बघून आली.

घरी आल्यावर मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस डब्यात घातली, आणि माझ्या तक्त्यातलं 'लागू नाही' खोडून तिथे 'आत्या' लिहिलं. मग शुभांगीने माझ्याकडून डब्याचा पासवर्ड मागून घेतला. आता सातबारा बाबांच्या नावावर आहे. शुभांगीला सगळे अधिकार आहेत. माझी नोंद कूळ म्हणून असून मला फक्त ऐकता येतं.

मी तक्रार केली. म्हटलं, हा डबा शोधला कुणी? सव्वीस रकाने भरले कुणी? तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. शुभांगी भाजीला जाताना मला दूध बघायला सांगून गेली होती.

बाबांनी शांतपणे फोन उचलला, सतराव्यावर बोट ठेवलं आणि आवाज पूर्ण मोठा केला. आई ओरडून झाल्यावर ते मला म्हणाले, "घे. ह्यो तुजा वाटा."

तेव्हापासून आमच्या घरात दूध कुणाच्याही हातून उतू गेलं तरी आई ओरडते मलाच, आणि मला ते पुसायची परवानगी नाही.