डबा उघडून पाहा, मग गळ टाका

आमच्या शंकरला अख्खा पावसाळा घरात कोंडून राहावं लागलं. पायाची जखम चिघळली, धंतोलीच्या दवाखान्यात चकरा झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी जेवणाआधी इन्सुलिनची सुई सुरू करून दिली. जखम भरली, पण माणूस पार सुकला. नागपूरजवळ बेसाला आमची घरं भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी गच्चीवर पाहावं तर हा गडी पाण्याच्या टाकीत गळ सोडून बसलेला! मला ते पाहवेना. एक दिवस मीच त्याच्या बायकोकडे, मालतीवहिनींकडे विषय काढला, "तलावावर नेऊन आणतो याला."

दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "न्या भाऊजी. पण सुई टोचली की लगेच पोटात जेवण गेलं पाहिजे. नाहीतर साखर धाडकन खाली येते. तुमच्या भरवशावर पाठवून राहिली मी."

"तुम्ही काहून काळजी करता?" मी म्हणालो खरा, पण सुईची आणि जेवणाची वेळ त्यांना दोनदा विचारून घेतली.

माझ्या घरी मी एकटाच, म्हणून माशांचा चारा पहाटे वहिनींच्याच ओट्यावर मळला. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी कृती सांगतो: बेसन खमंग भाजायचं, त्यात शेंगदाण्याची पेंड, भरपूर गूळ, चिमूटभर बडीशेप. रोहू त्या वासाने येतो. चारा डब्यात मावेना, म्हणून वहिनींनी तसलाच दुसरा स्टीलचा डबा काढून दिला. त्यांनी शंकरची ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी भरली तोही डबा त्याच जोडीतला.

निघालो तेव्हा उमरेड रोडवर धुकं, समोरून कोळशाचे ट्रक. मी गाडी इतकी हळू चालवली की मागून शंकर म्हणाला, "बैलबंडी पुढं निघून गेली गा." वाटेत तर्रीपोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट. प्लेट हातात आल्यावरच मी त्याला सकाळची सुई टोचू दिली, आणि तर्रीचा झणझणीत रस्सा अर्धाच वाढू दिला. तिथून पुढे एका फाट्यावर वळायचं. कोणत्या, ते सांगणार नाही. गळवाला माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण जागा सांगणार नाही. एवढंच सांगतो की तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यातला असेल, तर आधी विचारूनच बसा.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सोसायटीचा ओळखीचा माणूस जाळं विणत बसला होता. शंकरला पाहून ओरडला, "अरे, शंकरभाऊ! जित्ते आहात का? आमाले वाटलं खपले."

"तुह्या तेरवीचं जेवण जेवायचं राहिलं ना, म्हणून थांबलो," शंकर म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो असा हसला.

पाळ ओलांडून पलीकडच्या काठाला, बाभळीखाली गळाच्या काठ्या लावून, तरंगे पाण्यावर सोडून बसलो. सकाळ छान गेली. दोन लहान मासे लागले, ते सोडून दिले. पण खरं सांगतो, माझं लक्ष पाण्यात नव्हतंच. मोबाइलला रेंज नाही आणि मी मात्र दर घटकेला त्यात वेळ पाहत होतो.

जेवणाची वेळ झाली. शंकरने सुई काढली. "डबा आहे ना गा?"

"हा काय, पिशवीत. एक माशांचा, एक माणसांचा."

त्याने पोटात सुई टोचली. मी डबा उघडला. चारा! सकाळपासून जो वापरत होतो, त्याचाच भाऊ. ओट्यावर तीन डबे होते, आणि मी सवयीने दोनच उचलले होते.

आधी आम्ही दोघंही खो खो हसलो. मग शंकरने हातातल्या सुईकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे विझलं.

"चल, गावात टपरी आहे," मी सामान आवरू लागलो. पण गाडी पाळीच्या त्या टोकाला, आणि गाव त्याच्याही पुढे.

"थांब गा, तरंगा हलून राहिला. एवढा पाहू दे."

"मासा गेला खड्ड्यात! उठ."

"तू मले शिकवू नको!" तो एकदम खेकसला. शंकर कधी खेकसत नाही. मी वळून पाहिलं. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. तेवढ्यात मोरपिसाच्या देठाचा त्याचा तरंगा सप्पकन पाण्याखाली गेला. आणि शंकर हलला नाही. डोळे तिकडेच, हात काठीवर, पण बोटं नुसती थरथरत होती. पन्नास वर्षांत त्याने बुडता तरंगा कधी सोडला नव्हता.

काठी सरकत पाण्यात गेली. मी ती जाऊ दिली आणि त्याला धरलं. टपरी दूर, रेंज नाही, एकट्याला पाण्याकाठी टाकून जावं तरी कसं? आणि मग उघड्या डब्यातून गुळाचा वास आला. माझीच अक्कल चरायला गेली होती! गुळाचा खडा उकरून त्याच्या तोंडात घातला, मग चाऱ्याचे घास. "चाव. शंकर, चाव गा."

त्याने चावलं. किती वेळ गेला कोण जाणे, मी फक्त त्याच्या बोटांकडे पाहत होतो. मग ती थांबली.

"मुंग्यांची अंडी तर नाही ना टाकली याच्यात?" तो पुटपुटला.

"नाही रे बाबा."

"मग दे अजून. गळ काढून दे मात्र."

मला रडू आलं, ते त्याने पाहिलं नाही, म्हणजे तसं दाखवलं तरी.

जरा सावरल्यावर हळूहळू गाडीपर्यंत आलो. गावातल्या टपरीवर त्याला गरम आलुबोंडे आणि चहा दिला. तिथे रेंज आली आणि दोन्ही फोन वाजतच राहिले. वहिनींना सकाळीच ओट्यावर डबा सापडला होता.

घरी पोचलो तेव्हा त्या तोच डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या.

"मी खाल्लं वं," शंकर घाईघाईने म्हणाला. "बेसनाचे लाडू खाल्ले, पोटभर."

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. "काठी कुठं आहे?"

शंकर चपला काढायला वाकला. काठी टाकून येणारा माणूस नव्हता तो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. डबा उघडून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शंकरच्या हातात दिला.

मला वाटलं, संपलं. आता आमचं तलावावर जाणं बंद. पण पंधरवड्याने त्यांनीच हाक मारली. ओट्यावर तिन्ही डबे. एकेकाचं झाकण माझ्याकडून उघडून घेतलं, मगच पिशवीत ठेवू दिलं. शंकरकडे आता नवी काठी आहे आणि खिशात गुळाची पुडी. तरंगा बुडाला की मी पाण्याकडे पाहत नाही, आधी त्याच्या बोटांकडे पाहतो. मासे कमी मिळतात त्यामुळे. चालायचंच.

त्यांनी हाक मारली त्या दिवशीचा चारा वहिनींनीच मळला होता. साजूक तुपाचा वास येत होता.

"गूळ जरा जास्त टाकला आहे, भाऊजी," झाकण लावताना त्या म्हणाल्या. "माशांसाठी."