शंकर तावडेचा डावा पाय

या ब्लॉगवर घाट, लेणी आणि समुद्रकिनारे सगळं लिहून झालं, तरी "आजोबा, तुमचा पहिला लांबचा प्रवास कोणता?" हे विचारणारे काही थांबत नाहीत. तर घ्या. कोल्हापूर ते लालबाग, चार दिवस. निमित्त फुटबॉल. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. लालबागला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मामाचं कार्ड आलं: "गिरणीच्या फुटबॉल संघाला पंचवीस वर्षं झाली. आजवरच्या उत्तम अकरा खेळाडूंचा मोठा बोर्ड संघाच्या खोलीत लावायचा आहे. प्रत्येकाचं चित्र हवं, नुसती नावं नकोत. रविवारी जुने खेळाडू जमतील. ब्रश घेऊन निघ."

मामा त्या संघाचा सुरुवातीपासूनचा सेक्रेटरी. हे खेळाडू साधेसुधे हौशी नव्हते. गिरणी त्यांना खेळासाठीच कामावर घ्यायची. सकाळी मागावर उभं राहायचं आणि दुपारी मैदानावर. आम्ही कोल्हापूरकर म्हणजे फुटबॉलपायी पेठेपेठेत अबोला धरणारी माणसं, त्यामुळे मी कार्ड वाचतानाच पिशवी भरायला घेतली.

पुण्याला गाडी बदलून गुरुवारी सकाळी दादरला उतरलो. मामा फलाटावर उभा होता, खिशाला चळवळीचा बिल्ला. "इलंस रे दिन्या? चल, मामी वाट बघता." आम्ही ट्रॅमने निघालो. आणे आणि नवे पैसे तेव्हा एकाच वेळी चालत, त्यामुळे कंडक्टर आणि उतारू यांचं हिशोबावरून सतत वाजायचं. ट्रॅम आता नाही, पण तोच रस्ता बसने करता येतो. डावीकडची खिडकी धरा. भिंतीभिंतीवर चुन्याने लिहिलेलं, मुंबई कोणाची ते. मामा प्रत्येक अक्षर असं वाचत होता, जसं काही ते त्यानेच लिहिलंय. एखादं त्याने लिहिलंही असेल.

मामीने बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. ते तिखलं मी पुढच्या चार दिवसांत पाच वेळा खाल्लं, आणि अजून कुठे तसं मिळालेलं नाही, त्यामुळे पत्ता विचारू नका.

संध्याकाळी चाळीच्या तळमजल्यावरच्या संघाच्या खोलीत बैठक बसली. दहा नावांवर अर्ध्या तासात एकमत झालं, हे फुटबॉलच्या माणसांत मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. अकरावं नाव तर कोणी उच्चारायच्या आतच सगळ्यांनी माना डोलावल्या. शंकर तावडे. सगळ्यांत मोठा. दहा वर्षांपूर्वी त्याच्या अंतिम सामन्यातल्या गोलमुळे खोलीतल्या कपाटातला मोठा चषक आला होता. बोर्डाच्या मधोमध, पायात चेंडू असलेला तावडे काढायचा असं ठरलं.

मी पेंटर माणूस. विचारलं, "कोणत्या पायात चेंडू दाखवू?"

कोणी म्हणालं उजवा, कोणी म्हणालं डावा. मग सगळे मामाकडे बघायला लागले. मामा कपाटाला कुलूप लावत म्हणाला, "तुका पाय कित्याक होयो? उभोच काढ."

मला हे खटकलं. माझं पहिलं मोठं काम, रविवारी त्याच खेळाडूसमोर उघडणार, आणि पाय चुकला तर जन्मभर हसं. शिवाय एवढा थोर खेळाडू आणि त्याचा पाय कोणाला धड आठवू नये? शुक्रवारी सकाळी मामा मोर्च्याच्या तयारीला गेला आणि मी पायाच्या शोधात निघालो.

पहिला मुक्काम गिरगाव. तिथे केळकर मास्तर राहत, शाळेत कवायत शिकवत आणि त्या अंतिम सामन्याचे पंच होते. जिना चढताना दोन्ही हात भिंतींना लागतील इतकी चिंचोळी जागा. मास्तरांनी खुर्ची दिली आणि प्रश्न ऐकून उठूनच उभे राहिले.

"डावा! यात शंका ती कसली? मी दहा पावलांवर होतो. असा आत वळला," म्हणत मास्तर धोतर सावरून मोरीच्या दिशेने वळले, "आणि डाव्या पायाने कोपऱ्यात. असा सुबक गोल मी पुन्हा पाहिला नाही. डावाच काढ."

काम झालं म्हणून मी खूश. कोपऱ्यावर पियूष प्यायलो. गिरगावात गेलात तर नाश्ता एकाच ठिकाणी करू नका. एका दुकानात मिसळ खायची आणि दुसऱ्यात गोड.

दुपारी परत येताना लालबागला न उतरता पुढे दादरला गेलो, कारण ज्याच्यावर गोल झाला त्याला विचारल्याशिवाय मला चैन पडेना. प्रतिस्पर्धी संघाचा तो गोलकीपर, बाबू शिर्के, आता बाजारात फुलांचा गाळा चालवत होता. झेंडूच्या ढिगाआडून त्याने उजव्या हाताचं वाकडं बोट दाखवलं.

"हे तावड्याने मोडलं. उजव्या पायाचा फटका रे, तोफ! साखळी सामन्यात."

"आणि अंतिम सामन्यात?"

शिर्के हार गुंफता गुंफता थांबला. "तेच तर. अंतिमला डाव्याने मारला साल्याने. मी उजवीकडे झेप घेऊन बसलो! मधे दिवाळी झाली होती. म्हटलं, सुट्टीत सराव केला असेल. उंच पण वाटला मला. बायकोला म्हटलं पण, दिवाळीच्या फराळाने माणूस वाढतो काय?" आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मी हसलो नाही. तिशीला आलेला माणूस उंच होत नाही, हे आम्हा पेंटरांना कळतं. आम्ही डोक्यापासून टाचेपर्यंत मोजून काढतो.

रात्रभर बोर्डावरचे बाकीचे दहा रंगवत बसलो, पण डोक्यात तेच होतं. शनिवारी सकाळी मामा उठायच्या आत मी परळ गाठलं. तावडेकाका पोयबावडीजवळच्या इराण्याकडे रोज बसत, हे मामीकडून काढून घेतलं होतं. ब्रून मस्का आणि कडक चहा मागवून मी समोर बसलो. गोरा, बुटका माणूस. टेबलाबाहेर ताठ सोडलेला उजवा पाय. इराण्याने त्यांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. "चॅम्पियन आदमी," तो मला म्हणाला.

मी सरळ विचारलं, "काका, अंतिम सामन्यातला गोल कोणत्या पायाने मारलात?"

त्यांनी बशी खाली ठेवली.  "तू सेक्रेटरीचा भाचा ना? मामाने पाठवलं?"

"नाही. त्यांना ठाऊक नाही."

"मग ऐक. मी गोल मारलाच नाही. दिवाळीआधी माझा गुडघा गेला, तो हा." त्यांनी ताठ पायावर थाप मारली. "त्या दिवशी मी घरात पाटावर पाय ठेवून पडलो होतो. दहा वर्षं लोक मला त्या गोलचा चहा पाजतायत, आणि मी पितोय. चल, ज्याचा पाय आहे त्याच्याकडे नेतो तुला."

परळहून शिवडीकडे आम्ही चालत गेलो. त्यांच्या चालीने पाऊण तास लागला. रस्ता सपाट आहे, पण सावली नाही. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. गिरणीचा म्हटला तरी संघ साळखात्याचा, म्हणजे कापड विणणाऱ्यांचा. संघात खेळायचं तर साळखात्याच्या मस्टरवर नाव हवं. केशव जाधव रिंगखात्यात सूत काढायचा. साळखात्यात त्याच्या जातीला घेतच नसत, कारण मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने ओठ लावलेला धोटा इतरांना चालत नसे. खेळात मात्र त्याच्या तोडीचा अख्ख्या गिरणगावात कोणी नव्हता. तावडेकाकांचा गुडघा गेला तेव्हा मामाने फॉर्मवर नाव तेच ठेवलं आणि सदरा केशवच्या अंगात चढवला. गिरणीत एकाच्या जागी दुसरा बदली कामगार रोजच उभा राहतो. कोणाला वावगं वाटलं नाही. तीन हंगाम केशव जाधव शंकर तावडे होता.

शिवडीला गोदामांच्या मागे केशवरावांची खोली. ते आता गोदीत कामाला होते. उंच, सडपातळ. भिंतीला नवा निळा रंग, त्यावर बुद्धाची तसबीर. नागपूरच्या दीक्षेला अजून फार दिवस झाले नव्हते. त्यांची आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"केशव, पोरगा बोर्ड रंगवतोय," तावडेकाका म्हणाले. "तुझा पाय विचारतोय."

"पाय काढ की," केशवराव मला म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पण खाली नाव कोणाचं लिहिणार?"

मी तावडेकाकांकडे पाहिलं.

"मग नको. त्या वेळी खेळायला मिळत होतं म्हणून घेतलं दुसऱ्याचं नाव. चहा वेगळ्या कपात प्यायलो, तरी खेळलो. आता मी दुसऱ्याच्या नावावर काही घेत नाही. लिहायचं तर माझं लिहा, नाहीतर तावडेचा उजवा पाय काढा. तोही चांगलाच होता."

तांदळातून हात न काढता आई म्हणाली, "म्या हुते त्या दिशी. दोरीच्या पल्याड. गोल झाला तशी वरडले, केशव! तर तुजा मामा पळत आला. म्हनला, म्हातारे, गप, नाव घेऊ नको, कप जाईल. सगळं मैदान तावडे-तावडे करत हुतं. मंग म्याबी तावडे म्हनले."

हे ऐकून मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पेन्सिल काढली. केशवरावांना म्हटलं, "एकदा उभे राहा." ते उभे राहिले आणि नकळत डावा पाय पुढे आला.

दुपारी खोलीत मी तो डावा पाय रंगवत असताना मामा मोर्च्याहून आला, घोषणांनी घसा बसलेला. बोर्डावर केशवरावांचा चेहरा बघितला आणि थिजला.

"पुस ता."

"मामा, तुम्ही रस्त्यावर आपल्या हक्काचं मागत फिरता. या माणसाने स्वतःचं नाव मागितलं तर तुम्हाला जड जातंय?"

मोठ्या माणसाला असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.  मामा बाकावर बसला. "चषक परत मागतले रे. पंच रविवारी येतलो. पंचवीस वर्षांची अब्रू."

तेवढ्यात तावडेकाका दारात आले.  टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि मी गुरुवारी रात्रीच रंगवून ठेवलेलं 'शंकर तावडे' स्वतःच्या हाताने पुसून काढलं. मग बोळा मामाच्या मांडीवर ठेवला. "मी उद्यापासून चहाचे पैसे देणार," एवढंच म्हणाले.

मामाने बोळा बाजूला ठेवला आणि त्या ओल्या डागाकडे बघितलं. "तेच्या आवशीक मीच गप केलंय रे," तो म्हणाला, केशवच्या आईबद्दल. मग त्याने माझ्या हातातला ब्रश घेतला. सेक्रेटरीचं अक्षर वळणदार असतं, पण त्या दिवशी मामाचं अक्षर वेडंवाकडं आलं. केशव जाधव. मी ते नीट करायला गेलो तर म्हणाला, "ऱ्हवांदे तसाच."

रविवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. चादर काढली आणि कुजबुज झाली. दोन माणसं चहा न घेताच निघून गेली. ते लपवून मी काय करू? केळकर मास्तर चष्मा वर करून बोर्डाला नाक लावून उभे. मग मामाकडे वळले. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला फसवलंत?"

"होय मास्तर."

मास्तरांनी पुन्हा बोर्डाकडे पाहिलं. "पण डावा पाय होता हे मी बरोबर सांगितलं होतं," ते म्हणाले आणि पेढा घेतला. चषक कोणी मागितला नाही.

केशवराव आईला घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते. आत या म्हणायला मामा स्वतः गेला. त्याने तिघांसाठी एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत चहा ओतला आणि आपला कप आधी म्हातारीला दिला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "ह्यातलं त्येचं नाव कंचं?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. रंग पुरता वाळला नव्हता. बोटाला निळा लागला, आणि 'जाधव'मधला 'व' थोडा पसरला.

तिने बोट पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. "आता मारू हाळी?"

 मामाने होकाराची मान हलवली. आणि ती म्हातारी, तिच्या शेजारीच उभ्या असलेल्या मुलाला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "केऽऽशव!"

सोमवारी मी कोल्हापूरला परतलो. खर्च वगैरे विचाराल तर गाडीभाडं सोडून काहीच झाला नाही, पण तुम्हाला लालबागला मामा असायला हवा. ती गिरणी आता नाही, चाळही नाही. बोर्ड मामाच्या घरच्यांनी गावी नेला असं ऐकलं, मी खात्री करून घेतलेली नाही. पेठेतल्या दोस्तांनी तेव्हा विचारलं होतं, शेवटी सगळ्यांत मोठा खेळाडू कोण ठरला? मी म्हटलं, मी दोघांनाही खेळताना पाहिलेलं नाही. हे खरंच आहे.

आजही सामन्याला जातो. गोल झाला की सगळे मैदानाकडे बघतात. मी दोरीपलीकडच्या बायांकडे बघतो, कोणी गप्प तर नाही ना बसलेलं.