गायरानावरची लाकडी कुसळं

आमच्या ऑफिसात किस्से शोधायला जावं लागत नाही. संध्याकाळी जीप परत आली की चिखल आणि किस्से सोबतच उतरतात. चिखल धुता येतो, किस्से साचत जातात. आणि आमच्या प्रकल्पाचे किस्से म्हणजे सगळे संशयाचे. लोकांना आमचा संशय, साहेबांना आमचा संशय, आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मला साहेबांचा.

प्रकल्प काय, ते आधी सांगतो. माळावरचं कुसळी गवत आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. त्याच्या बीला लांब शेपूट असतं. पाणी लागलं की शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यात बी जमिनीत घुसतं. धोतरात आणि मेंढराच्या लोकरीतही घुसतं, ते वेगळं. हे पाहून कुण्या हुशार लोकांनी लाकडाची कुसळं तयार केली. बोटभर लांब, पातळ, पीळ दिलेलं लाकूड आणि टोकाला मातीच्या गोळीत बी. मुरमाड जमिनीवर नुसती टाकून द्यायची. पावसात ती आपली आपण पेरून घेणार आणि मग कुजून माती होणार. आमच्या संस्थेनं ती हिंगोली जिल्ह्यात आणली, साहेब पुण्याहून आले, आणि मी नरसीचा, इथलाच, म्हणून लोकांना पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

* * *

पहिली बैठक औंढ्याकडच्या एका गावात, पारावर. पुढेच तात्या नावाचे जाणते गृहस्थ बसलेले. त्यांनी कुसळ हातात घेतलं, उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि जाहीर केलं, "याच्यात चीप हाय."

मी म्हणालो, "तात्या, नुसतं लाकूड आहे हो."

"मग पान्यानं फिरतं काहून?"

मी पीळ, ओलावा वगैरे समजावत होतो, तेवढ्यात तात्या उठले, समोरच्या हॉटेलात गेले आणि कुसळ चुलीत टाकलं. अख्खी बैठक चुलीभोवती. कुसळ क्षणात जळालं. तात्यांनी चिमट्यानं राख चाळली. तार नाही, पत्रा नाही, काही नाही.

"आता तरी खात्री झाली?" मी विचारलं.

"लाकूड हाय याची झाली," तात्या म्हणाले. "चीप जळून गेली आसंल."

* * *

आमचे जीपवाले रफीकभाई. माणूस सोन्यासारखा, पण फुकटाच्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "फुकट देऊन राहिले म्हंजे काही तरी घेऊन राहिले," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत.

एकदा ते कुसळांची दोन पोती घेऊन आखाडा बाळापूरला निघाले. मागं पाण्याचा जार होता, त्याची तोटी वाटेत सुटली. पोती भिजली आणि आतली हजारभर कुसळं एकदम फिरायला लागली. ऐन बाजारच्या दिवशी, भर रस्त्यात, रफीकभाईंना मागून खसखस ऐकू आली. वळून पाहिलं तर पोतं हलतंय! जीप तिथंच सोडून ते पलीकडच्या पानटपरीवर.

बाजार जमला. कुणी म्हणे घोणस, कुणी म्हणे नाग. सर्पमित्राला फोन गेला. तो आला, काठीनं पोतं उघडलं, आणि आत एकमेकांत गुंतून बसलेला लाकडाचा ढीग. तो अजून हळूहळू वळवळत होता. सर्पमित्र दोन पावलं मागं सरला.

"साप आसता तर बरं झालं आसतं," तो म्हणाला. "सापाचं मला कळतं."

त्यानं त्या पोत्याला हात लावला नाही तो नाहीच. शेवटी मीच जाऊन ते आणलं.

* * *

जवळा बाजारच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या हळदीत आमची दहा-अकरा कुसळं वाऱ्यानं जाऊन पडली. त्याचा मला फोन आला. कुणीतरी करणी केली म्हणे. धुऱ्याला, म्हणजे बांधाजवळ, लाकडं उभी राहिली आहेत, टोकाला माती आहे, आणि सकाळी एकीकडं तोंड, दुपारी दुसरीकडं.

साहेब त्या दिवशी इथंच होते. करणी म्हटल्यावर त्यांना भारी हसू आलं. "चला, मीच समजावतो," म्हणाले. त्यांनी बांधावर बसून अर्धा तास विज्ञान सांगितलं. भीती कशी अज्ञानातून येते, लिंबू-मिरचीनं काही होत नसतं, सगळं. शेतकरी हात जोडून ऐकत होता. शेवटी साहेब म्हणाले, "आणि काळजीचं कारणच नाही. ही कुजतात. दोन महिन्यांनी इथं काही होतं, हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

शेतकऱ्याचा चेहरा आणखी उतरला.

"म्हंजे पुरावा बी राहनार न्हाई म्हना की."

* * *

आता सोजरबाईचं सांगतो. बाळापूरच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या गायरानावर आमचा मुख्य प्लॉट. त्या गायरानावर सोजरबाई मेंढरं चारते. साठीची बाई, नवरा मागंच वारला, चाळीसेक मेंढरं आणि चारायला जागा म्हणजे ते गायरान. दुसरं काही नाही. आम्हाला त्यातलं निम्मं कुंपणात घ्यायचं होतं. ग्रामपंचायत म्हणाली, आधी तिचा अंगठा आणा.

साहेबांनी तिला प्रयोग करून दाखवला. तळहातावर कुसळ, वर पाण्याचा थेंब. कुसळ फिरलं, उभं राहिलं. पोरं ओरडली. सोजरबाईनं शेजारच्या मेंढराच्या पाठीत बोटं घातली, गवताचं एक कुसळ उपसलं, त्याला थुंकी लावली आणि साहेबांच्याच तळहातावर ठेवलं. तेही फिरलं.

"हे बी फिरतंय," ती म्हणाली. "पर यानं कधी गायरान न्हाई मागितलं."

साहेब हसले. म्हणाले, "मावशी, एकच पावसाळा. दिवाळी झाली की कुंपण काढतो, आणि तुम्हाला दुप्पट गवत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू इथलाच न्हवं?"

"व्हय आत्या, नरसीचा."

तेवढ्यावर तिनं अंगठा दिला. कागदावर 'प्रकल्प पूर्ण होईपर्यंत' असं छापलेलं होतं. ते मी घरी गेल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं, आणि ही गोष्ट मला अजून खाते.

* * *

पावसाळ्यानंतर मोजणी झाली. कुंपणाच्या आत गवत बरं होतं. कुंपणाच्या बाहेर, जिथं आम्ही काहीच टाकलं नव्हतं आणि जिथं सोजरबाईची मेंढरं दाटीनं फिरत होती, तिथं त्याहून बरं होतं.

साहेबांना पहिला संशय माझा आला. "तुम्ही पोती बाहेर ओतलीत का?" मला रफीकभाईंचा आला, की यांनी ओझं नको म्हणून वाटेत रिकामी केली असतील. रफीकभाई भडकले. मला हाताला धरून कुंपणाबाहेर घेऊन गेले आणि मातीकडं बोट दाखवलं. खुरांचे ठसे, लेंड्या, आणि प्रत्येक ठशात एक हिरवा कोंब.

"मेंढरानं आनलं, मेंढरानं दाबलं, मेंढरानंच खत टाकलं," ते म्हणाले. "लिवा रिपोर्टात."

मी लिहिलं. साहेबांनी वाचलं, तो परिच्छेद काढला आणि मी जोडलेला ठशांचा फोटोही वगळायला लावला. "यानं गोंधळ होतो," म्हणाले. आणि आणखी एक पावसाळा कुंपण ठेवायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या गाडीतून दोन पाहुणे प्लॉट बघायला आले. पांढरे बूट, महागडे फोन. तासभर फिरले. रस्ता किती लांब, विजेची लाईन कुठून जाते, उतार कोणीकडं, सगळं विचारलं. संध्याकाळी रफीकभाईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला.

"गवत बघाया आले अन् लाईटीचे खांब मोजून गेले. बराबर हाय का?"

मी कप उचलला. मला सोजरबाईचा अंगठा आठवत होता.

* * *

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, ग्रामपंचायत म्हणाली मुदत वाढवायची तर नवा अंगठा आणा, तेव्हा नवा कागद घेऊन आम्ही सोजरबाईकडं गेलो. साहेब, मी, आणि तेच दोन पाहुणे. रफीकभाई जीपला टेकून उभे. मेंढरं वाड्यात होती, पोटं खपाटीला गेलेली. बाहेरचं गवत एव्हाना संपलं होतं आणि आतलं कंबरेएवढं झालं होतं.

साहेब फार गोड बोलतात. "मावशी, एकच पावसाळा आणखी. मग गायरान तुमचं, कायमचं. मी शब्द देतो."

"मागल्या बारीला बी दिल्ता."

"या वेळी लिहून देतो की. बघा, सही केली." त्यांनी खिशातून पेन काढून फर्रकन सही केली. मी शाईचं पॅड उघडलं.

"मला कुठं वाचता येतंय," सोजरबाई म्हणाली. ती आत गेली आणि देवापुढचं पितळी ताट घेऊन आली. ताटात भंडारा होता, वर बेलाचं पान. आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की शब्द फिरवता येत नाही. भावकीतले वाद कोर्टात मिटत नाहीत ते यावर मिटतात.

"माझा अंगठा कागदावर, तुमचा हात भंडाऱ्यावर," ती म्हणाली. "उचला अन् म्हना, पावसाळा झाला की गायरान मेंढरांचं."

साहेब हसले. "मावशी, मी विज्ञानाचा माणूस. असलं काही मी मानत नाही."

"मानत न्हाई, तर मग उचलाया काय तकलीफ हाय?"

साहेबांनी हात पुढं केला. खरंच केला, मी पाहिला. ताटाच्या काठापर्यंत आला आणि तिथं थांबला. पाहुण्यांपैकी एकानं घसा खाकरला. मग साहेबांचा हात मागं गेला, खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. त्यांना कुणाला तरी फोन करायचा राहिला होता म्हणे. ते गाडीकडं गेले, पाहुणे त्यांच्या मागं.

सोजरबाई त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती. तिनं ताट वळवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू तर मानतोस न्हवं, बाबा?"

मी शाईच्या पॅडचं झाकण लावलं.